शेवटची अडचण सोडवणारे विसरलेले शोधक

घडीव

गेली एकोणीस वर्षं मी बॅगा शिवतो आणि दुरुस्त करतो. दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक बॅगा चेनसाठीच आलेल्या असतात. ‘चेन गेली’ असं गिऱ्हाईक सांगतं, पण चेन बहुधा धडधाकट असते, सैल पडलेला असतो तो रनर. वापरून वापरून त्याच्या कडा फाकतात, मग दाते एकमेकांत नीट दाबले जात नाहीत. बारीक पक्कडीनं मागच्या कडा थोड्या थोड्या दाबायच्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. जोर जास्त झाला तर रनर कायमचा अडकतो.

परवा एका जुन्या पितळी चेनचा दाता भिंगाखाली धरला आणि बराच वेळ बघत बसलो. वरच्या अंगाला मोहरीहून लहान उंचवटा, खालच्या अंगाला तेवढाच खळगा. डावीकडचा दाता आणि उजवीकडचा दाता यांत काही फरक नाही. फक्त दोन रांगा अर्ध्या दात्यानं पुढेमागे बसवलेल्या असतात, त्यामुळे एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात जाऊन बसतो. आडवं कितीही ओढा, सुटत नाही. रनरनं दोन्ही पट्ट्या वाकवून फाकवल्या की मात्र सहज सुटतो.

हा दाता ज्यानं घडवला तो गिडियन सुंडबॅक. स्वीडनमध्ये १८८० साली जन्मला, १९०५ मध्ये अमेरिकेत गेला, शिक्षणानं विद्युत अभियंता. चेनची कल्पना त्याची नव्हे. व्हिटकॉम्ब जडसननं १८९३ मध्येच बुटांसाठी सरकत्या पकडीनं लागणाऱ्या आकड्यांचं पेटंट मिळवलं होतं आणि त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलंही होतं. पण ते आकडे वापरता वापरता सुटायचे. सुंडबॅक जडसनच्या कंपनीत आला तेव्हा तोही आधी आकडेच सुधारत होता. १९११ मध्ये त्याची बायको वारली आणि त्यानंतर तो या कामात बुडून गेला. १९१३ मध्ये त्यानं आकडा-कडीचा नादच सोडला आणि हा एकसारखा दाता आणला, पूर्वी इंचाला चार आकडे असत तिथे दहा दाते. पेटंट १९१७ मध्ये मिळालं. दाते घडवून कापडी पट्टीवर बसवणारं यंत्रही त्यानंच उभं केलं. ते नसतं तर एवढा बारीक दाता हातानं करणं कुणालाच परवडलं नसतं.

म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं आहे की आपण शोधकांची आठवण ठेवतो ती बहुतेक वेळा कल्पना कुणाला सुचली यावरून, किंवा तिचा धंदा कुणी उभा केला यावरून. मधली माणसं गळतात. कल्पना सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती चालत नाही, एक चिवट अडचण उरलीय. ती सोडवणारा माणूस खरा शोधक.

माझ्याकडचं दुसरं उदाहरण कंटेनरचं. कंटेनर-वाहतुकीचा धंदा उभा करणारे माल्कम मॅकलीन हे नाव वाचणाऱ्यांच्या कानावर असतं. २६ एप्रिल १९५६ ला त्यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. सुटा माल जहाजावर चढवायला तेव्हा टनामागे ५.८ डॉलरच्या आसपास खर्च यायचा, त्या जहाजावर तो १६ सेंटच्या आसपास आला. पण पेट्या एकीवर एक रचल्या आणि समुद्र खवळला तर? आणि प्रत्येक पेटीवर माणूस चढवून आकडे लावत बसलं तर वेळ कुठे वाचला? या दोन्हींचं उत्तर कीथ टँटलिंगर या अभियंत्यानं दिलं. पेटीच्या प्रत्येक कोपऱ्याला पोलादी ठोकळा, ठोकळ्याला लांबट भोक, त्यात वरून शिरणारं निमुळतं डोकं. पाव फेरा फिरवला की ते अडकतं, उलटा फिरवला की मोकळं. क्रेनवाला जागचा न उठता पेटी उचलतो. पुढे १९६० च्या दशकात सगळ्या जगासाठी एक माप ठरवायची वेळ आली तेव्हा टँटलिंगरच्या आग्रहावरून मॅकलीनच्या कंपनीनं या जोडणीवरचा पेटंटचा हक्क सोडून दिला. आज कुठल्याही देशातली पेटी कुठल्याही ट्रकवर बसते ती त्यामुळे. रस्त्यावर कंटेनर दिसला की त्याचे कोपरे बघा.

तुमच्या कामात, घरात अशी कुणाची कारागिरी दिसते? थोडं तपशिलात लिहा.

जलवाहिनी

घडीव, मी नळकामातला माणूस, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

बेसिनखाली वाकून पाहा. पाइप सरळ खाली जात नाही. आधी खाली, मग वर, मग भिंतीत. त्या बाकात कायम पाणी साचून राहतं. तेच दार. गटारातला वायू ते पाणी ओलांडून घरात येत नाही, आणि दर वापराला जुनं पाणी जाऊन नवं येतं. हलणारा भाग एकही नाही. या बाकालाच आम्ही ट्रॅप म्हणतो. बेसिनला पी ट्रॅप किंवा बॉटल ट्रॅप, मोरीला नहाणी ट्रॅप, संडासाच्या भांड्यात तर तो घडवलेलाच असतो.

सर जॉन हॅरिंग्टन यांनी १५९६ मध्येच पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या संडासाचं वर्णन छापलं होतं, राणी एलिझाबेथसाठी तो बसवलाही होता. पण वास अडवायला काही नव्हतं. पुढची पावणेदोनशे वर्षं तो पसरला नाही याचं मोठं कारण तेच असावं असं मला वाटतं. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या मूळच्या एडिंबरोच्या घड्याळजीनं पेटंट घेतलं आणि त्यात भांड्याखालच्या पाइपाला एस आकाराचा बाक दिला. त्याच रचनेत एक सरकती झडपही होती. ती झडप नीट बसायची नाही, तीनच वर्षांनी जोसेफ ब्रामानं ती बदलून बिजागरीची केली. पुढे झडपाच गेल्या. बाक मात्र २५० वर्षं तसाच आहे.

या बाकाचे दोन शत्रू. एक म्हणजे वापर नसणं. एकदा एका घरून फोन आला, दोन महिने बाहेर होतो, परतलो तर घरभर गटाराचा वास, फरशी फोडायला माणूस बोलावलाय. मी जाऊन पाहुण्यांच्या मोरीतल्या जाळीत दोन मग पाणी ओतलं आणि खिडकी उघडून बसलो. पाऊण तासात वास गेला. ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं, एवढंच. दुसरा शत्रू म्हणजे हवेचा पाइप न ठेवणं. वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोंढा खाली आला की तो ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतो, ‘गुडगुड’ असा आवाज येतो. आम्ही त्याला सील तुटणं म्हणतो. गच्चीवर उघडा सोडलेला तो पाइप काढून टाकू नका.

वळणवाट

सीटबेल्ट. निल्स बोलिन यांचं नाव बरेचजण घेतात, पण घडीव यांच्या मुद्द्याला धरून आधीची गोष्ट सांगतो.

तीन ठिकाणी बांधलेला पट्टा त्यांच्या आधीच होता. रॉजर ग्रिस्वोल्ड आणि ह्यू डीहेवन यांना त्याचं अमेरिकन पेटंट १९५५ मध्ये मिळालं. त्यात बक्कल पोटावर, मधोमध येत होतं. धडक बसली की सगळा भार त्या बकलावर आणि बकलाचा भार पोटातल्या मऊ अवयवांवर. बोलिन आधी साब कंपनीत लढाऊ विमानांतून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करायचे. १९५८ मध्ये व्होल्वोत आले आणि वर्षभरात त्यांनी खांद्याचा आणि कमरेचा पट्टा सलग ठेवून दोन्हींचा जोड कमरेच्या बाजूला, खाली नेला. भार छातीच्या आणि ओटीपोटाच्या हाडांवर गेला. शिवाय एका हातानं लागतो. १९५९ पासून तो गाड्यांत बसू लागला आणि कंपनीनं ते पेटंट इतर उत्पादकांना खुलं केलं.

बक्कल फूटभर सरकवलं, एवढाच फरक. लावताना आता हात आपोआप कमरेकडे जातो, तेव्हा मला बोलिन आठवतात.

चांदणी

सुंदर धागा! माझ्याकडून हेडी लामार. एवढी मोठी अभिनेत्री, आणि आपण आज वापरतो ते वायफाय तिनं शोधलं हे कुणाला माहीतच नसतं. सौंदर्यापुढे तिची बुद्धी कुणी पाहिली नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पडताळा

चांदणी, तिच्याविषयीची तुमची आपुलकी पटते, म्हणूनच तिचं काम नेमकं सांगितलं जावं असं वाटतं. हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथेल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये पेटंट मिळालं. पाणतीराला, म्हणजे टॉर्पेडोला, रेडिओनं दिशा देताना शत्रूनं तो संदेश बुजवू नये म्हणून पाठवणारा आणि घेणारा दोघांनीही एकाच क्रमानं फ्रीक्वेन्सी बदलत राहायची. तो क्रम जुळवायला स्वयंचलित पियानोत असतात तशा भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या, आणि पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे ८८ फ्रीक्वेन्सी. युद्धात नौदलानं ते वापरलं नाही.

फ्रीक्वेन्सी बदलत राहण्याची मूळ कल्पना त्याआधीही नोंदली गेली होती. ब्लूटूथमध्ये ती पद्धत आहे. आजचं वायफाय वेगळ्याच तंत्रावर चालतं. पियानोच्या पट्टीनं दोन टोकं एका तालात आणणं हे त्या दोघांचं स्वतःचं, आणि ते पुरेसं मोठं आहे. विसरलेल्या माणसाला न्याय देताना दुसऱ्याचं काम त्याच्या नावावर टाकलं की तो दुसरा विसरला जातो.

चांदणी

पडताळा, धन्यवाद. पियानोच्या पट्ट्यांचं मला ठाऊक नव्हतं. पेटंटची चित्रं आता शोधून पाहते.

कोज्या

आता माझ्या क्षेत्रातलं. तुमच्या फोनमधला कुठलाही फोटो घ्या, जो दहा-वीस जणांकडून पुढे पाठवला गेलाय असा. तो बोटांनी जमेल तेवढा मोठा करा आणि एखाद्या कडेकडे पाहा, आकाशासमोरची फांदी किंवा पांढऱ्यावरचं काळं अक्षर. कडेभोवती धुरकट तरंग दिसतील आणि बाकी भागात बारीक चौकोन. प्रत्येक चौकोन ८ बाय ८ ठिपक्यांचा असतो.

त्या चौकोनातले ६४ आकडे जसेच्या तसे न साठवता त्यांचं ६४ ठरलेल्या नमुन्यांत विघटन करतात. पहिला नमुना म्हणजे सपाट रंग, मग हळूहळू गडद होत जाणारा, मग पट्टे, मग आणखी बारीक पट्टे. खऱ्या चित्रात बहुतेक जीव पहिल्या काही नमुन्यांत असतो. उरलेल्यांचे आकडे इतके छोटे येतात की ते शून्य केले तरी डोळ्याला कळत नाही. शून्यांची रांग साठवायला जागा जवळजवळ लागतच नाही. हे विघटन म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. मी शाळेत कोसाइनला कोज्या म्हणायला शिकलो, म्हणून हे टोपणनाव.

ते शोधलं नासिर अहमद यांनी. मूळचे बंगळूरचे, तेव्हा कॅन्सस स्टेट विद्यापीठात प्राध्यापक. १९७२ मध्ये त्यांनी या कामासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अनुदान मागितलं. ते नाकारलं गेलं. परीक्षकांपैकी एकाला ती कल्पना फारच सोपी वाटली होती, हे अहमद यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय. त्यांना मात्र ती सोडवेना. १९७३ चा उन्हाळा त्यांनी अनुदानाशिवाय याच कामाला दिला. जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा विद्यार्थी टी. नटराजन आणि सहकारी के. आर. राव यांच्यासह निबंध छापून आला. अगदी छोटा निबंध आहे, चार पानांच्या आसपास.

१९९२ च्या जेपेग या फोटो साठवण्याच्या मानकाच्या मुळाशी हेच आहे. व्हिडिओच्या एमपेग कुटुंबात तेच, आणि त्याचं सुधारित रूप एमपी३ मध्ये. व्हिडिओ कॉलवर नातवाचा चेहरा दिसतो त्यात दर सेकंदाला हे गणित असंख्य वेळा होत असतं. मी विद्यार्थ्यांना हे शिकवतो तेव्हा आधी फोटो फोडून दाखवतो, मग नाव सांगतो, आणि नाकारलेल्या अनुदानाची गोष्ट आवर्जून सांगतो. ‘सोपी’ या शब्दाचा त्या परीक्षकानं दोष म्हणून उपयोग केला याचा मला आजही राग येतो.

उलटतपासणी

घडीव, मी तुमच्याशी सहमत नाही. ‘अडचण सोडवणारा खरा शोधक’ म्हणताना तुम्ही कल्पना सुचणाऱ्याला फारच स्वस्तात सोडता. नासिर अहमद कुणाची अडचण सोडवत होते? कल्पनाच त्यांची होती.

बारकोड घ्या. १९४८ च्या सुमारास फिलाडेल्फियात बर्नार्ड सिल्व्हर या विद्यार्थ्याच्या कानावर पडलं की एका दुकान-साखळीच्या प्रमुखाला विक्रीच्या वेळी मालाची माहिती आपोआप वाचणारं काहीतरी हवंय. त्यानं ते नॉर्मन जोसेफ वुडलंड या मित्राला सांगितलं. वुडलंड मायामीच्या किनाऱ्यावर बसून विचार करत होता. लहानपणी स्काउटमध्ये शिकलेला मोर्स कोड आठवला, त्यानं बोटांनी वाळूत ठिपके आणि रेघा काढल्या, आणि मग बोटं तशीच आपल्याकडे ओढली. ठिपक्यांच्या बारीक रेषा झाल्या, रेघांच्या जाड. तिथेच बारकोड तयार झाला. दोघांना पेटंट ऑक्टोबर १९५२ मध्ये मिळालं आणि ते त्यांनी १५,००० डॉलरला विकून टाकलं. वाचायला लेझर हवा होता, तो १९६० पर्यंत अस्तित्वातच नव्हता. सिल्व्हर १९६३ मध्ये वारला. पहिली वस्तू स्कॅन झाली २६ जून १९७४ ला, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंगमचं पाकीट. सिल्व्हरनं ते पाहिलंच नाही. आता सांगा, यांत ‘मधला’ कोण?

घडीव

उलटतपासणी, वाळूतली ती ओढलेली बोटं मी विसरणार नाही. पण याच गोष्टीत माझा माणूसही आहे. वुडलंड-सिल्व्हर यांच्या पेटंटात रेषांसोबत गोल वर्तुळांचं चिन्हही होतं, कुठूनही वाचता यावं म्हणून. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तेच वर्तुळ आघाडीवर होतं. आयबीएममधल्या जॉर्ज लॉरर यांना त्याचं समर्थन करणारं टिपण लिहायला सांगितलं होतं. त्यांनी पाहिलं की छपाईयंत्रातून कागद सरकतो त्या दिशेला शाई थोडी फराटते. वर्तुळ असेल तर एका अंगाच्या रेषा जाड होऊन वाचनच चुकतं. उभ्या रेषा त्याच दिशेनं छापल्या तर फराटल्यानं फक्त रेष लांब होते, जाडी तीच राहते. त्यांनी सांगितलेलं टिपण लिहिलं नाही, आयताकृती चिन्ह करून दाखवलं. आज प्रत्येक पाकिटावर आहे ते त्यांचं.

तरीही तुमचं बरोबर आहे. वाळूत बोट फिरलं नसतं तर लॉरर यांच्यापुढे सुधारायला काही नव्हतंच. ‘खरा शोधक’ हे शब्द मी मागे घेतो. ‘त्यांचंही नाव घ्या’ एवढंच म्हणायला हवं होतं.

रात्रपाळी

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. मला जलसंजीवनीबद्दल लिहायचंय. ती ‘शोध’ या शब्दात बसते की नाही ते तुम्ही ठरवा.

पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, आतड्यातून पाणी अक्षरशः वाहून जातं. नुसतं पाणी पाजलं तर ते शोषलं जात नाही, नुसतं मीठ-पाणीही नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आले तरच ते उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. आजारात बाकी सगळं बिघडलं तरी हे दार चालू राहतं. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी हे जोडीनं शोषण मांडलं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांना तोंडावाटे द्रावण देऊन सलाईनची गरज खूप कमी होते हे दाखवलं.

म्हणजे ज्ञान होतं. अडचण होती विश्वासाची. इस्पितळात, प्रशिक्षित माणसांच्या हातून ते चालतं, पण एरवी चालेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. रुग्ण जमिनीवर पडलेले आणि सलाईन संपत आलेलं. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळलं, पिंपं भरून ठेवली, आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. सलाईन फक्त अगदी अत्यवस्थ रुग्णांना. आधी शंभरातले तीसएक दगावत होते, तिथे त्यांच्या देखरेखीखाली मृत्यूचं प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्यांचा निबंध आधी नाकारला गेला, १९७३ मध्ये छापून आला. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण त्यानंतर, २०२३ मध्ये, मरणोत्तर मिळालं.

नातेवाइकांवर सोपवणं, हा माझ्या मते त्यांचा खरा शोध. मी रोज तेच करते. पुडी पाण्यात विरघळवली की आईच्या हातात चमचा देते आणि शेजारी बसते. पहिले चार-पाच चमचे मूल पितं, मग भडाभडा उलटी करतं. आई घाबरून वाटी खाली ठेवते. तेव्हा तिला सांगायचं की घड्याळ बघ, दहा मिनिटं थांब, आणि पुन्हा सुरू कर, आधीपेक्षा सावकाश. एक चमचा, थोडी उसंत, पुन्हा एक चमचा. कधी कधी पहाटेपर्यंत हे चालतं. मग मूल रडतं आणि डोळ्यात पाणी येतं. रडताना अश्रू आले की मी निश्चिंत होते, कारण सुकलेल्या मुलाला अश्रू नसतात.

पडताळा

रात्रपाळी, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. एक नाव त्यात घालतो. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्येच लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पटकीच्या सौम्य रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केल्याचं लिहिलं होतं. तेव्हा तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्याच लॅन्सेटनं १९७८ मध्ये या शोधाला शतकातली कदाचित सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. मधली पंचवीस वर्षं डोळ्यासमोर आणली की पोटात कालवतं.

सुईदोरा

यादीत बायका कमी दिसतात म्हणून दोन नावं.

मार्गारेट नाइट. बाराव्या वर्षी कापडगिरणीत मागाचा धोटा उडून एका मुलाला लागलेला पाहिला आणि तो उडू नये म्हणून युक्ती काढली. पेटंट घ्यायचं असतं हे त्या वयात तिला कोण सांगणार? मोठी झाल्यावर ती कागदी पिशव्यांच्या कारखान्यात कामाला लागली. तेव्हा यंत्रावर पाकिटासारख्याच पिशव्या निघत, चौकोनी बूड हातानं दुमडावं लागे. बूड कापून, दुमडून, चिकटवणारं यंत्र तिनं आधी लाकडात केलं. मग लोखंडात करून घेताना ते चार्ल्स अॅनन नावाच्या माणसानं पाहिलं आणि पेटंट स्वतःच्या नावावर मागितलं. बाईला एवढं यंत्र कळणारच नाही असा त्याचा दावा. तिनं रेखाटनं, वह्या, नमुने, साक्षीदार सगळं हजर केलं. जुलै १८७१ मध्ये पेटंट तिला मिळालं. तुम्हाला हातात कधी अशी पिशवी आली, जी टेबलावर ठेवली की आपोआप उभी राहते, तर तिच्या बुडाच्या घड्या उलगडून पाहा. शिवणाऱ्या माणसाला त्या घड्यांचा क्रम बघून आनंद होतो.

दुसरी फुमिको मिनामी. १९५५ मध्ये जपानात तोशिबानं विजेचा भात-कुकर विकायला आणला. तो घडवला योशितादा मिनामी या छोट्या कारखानदारानं, पण किती पाणी, किती उष्णता, किती वेळ याचे प्रयोग त्याच्या बायकोनं घरी केले, दिवसरात्र मोजमापं टिपत. रचना अशी की बाहेरच्या भांड्यात थोडं मोजून पाणी घालायचं. ते आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी आटलं की एकदम चढतं, आणि दोन धातूंची जोडपट्टी वाकून वीज तोडते. कोणी लक्ष ठेवून बसायला नको. पहाटे उठून चुलीपाशी बसणाऱ्या बाईलाच याचं मोल कळणार होतं.

पायवाट

सगळं वाचून झाल्यावर लिहितोय. माझ्या बाबांची नजर पन्नाशीनंतर गेली. त्यांनी पांढरी काठी घेऊन एकट्यानं फिरायला शिकून घेतलं ते फलाटावरच्या पिवळ्या फरश्यांच्या जोरावर. उभ्या रेषांचा उठाव म्हणजे चालत राहा. गोल ठिपक्यांचा उठाव म्हणजे थांब, पुढे कड आहे, जिना आहे किंवा वळण आहे. बुटाच्या तळव्यातून एवढं कळतं. मी डोळे मिटून चालून पाहिलंय, पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, आठवड्यानं कळायला लागतं.

या फरश्या सेइची मियाके यांच्या. त्यांच्या एका मित्राची नजर जात चालली होती, त्याच्यासाठी त्यांनी १९६५ मध्ये स्वतःच्या पैशांनी त्या बनवल्या. १८ मार्च १९६७ ला जपानमधल्या ओकायामा शहरात अंध शाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसल्या. पुढे तिथल्या रेल्वेनं फलाटांवर घेतल्या आणि मग जगभर गेल्या.

घडीव, तुमच्या ‘शेवटच्या अडचणी’बद्दल एक सांगतो. एका स्थानकावर नव्या फरश्या बसवल्या होत्या आणि रेषांची पट्टी सरळ एका खांबाला जाऊन भिडली होती. बाबा तिच्यावर विश्वासून चालत गेले आणि कपाळाला खोक पडली. दवाखान्यातून परतताना ते म्हणाले, फरशी बनवणाऱ्याला ठाऊक होतं, बसवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. आम्ही अर्ज दिला, त्यासोबत बाबांनी सांगून माझ्याकडून काढून घेतलेलं चित्र जोडलं, खांबाच्या किती आधी ठिपके हवेत, वळण कुठून घ्यायचं. चार महिने लागले.

नव्या पट्टीवरून पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मुद्दाम त्यांचा हात धरला नाही. खांबाच्या अलीकडे ठिपके आले तसे ते थांबले, बुटानं दोनदा चाचपलं, काठी डावीकडे नेली, तिथे रेषा सापडल्या, आणि खांबाला वळसा घालून ते पुढे निघाले.